चौथा वाटा

कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी माझ्या मुलीला फसवले. पैशाने नव्हे. पैशाने फसवले असते तर मी बाजारातला माणूस, त्यांच्या दारात उभा राहून वसूल केले असते आणि हे लिहायची वेळ आली नसती. त्यांनी तिला एक अर्धे वाक्य दिले आणि उरलेले अर्धे आपल्याकडेच ठेवून घेतले. ते अर्धे आणायला मला बैलगाडी जुंपून मलकापूरच्या पुढे जावे लागले. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. डॉक्टरांचे नाव लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांचे त्यांना कळेल.

मी जनावरांचा व्यापारी. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून सुरुवात केली, आज वडगावच्या बाजारात माझ्या शब्दाशिवाय चांगली जोडी विकली जात नाही. राहायला शिवाजी पेठेत. मूळ गाव गडहिंग्लजच्या खाली, म्हणजे घरात कानडी आणि रस्त्यावर मराठी. आम्ही लिंगायत. माझी मुलगी शांतव्वा मी तिच्या सख्ख्या मामाला, माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला दिली आहे. आमच्याकडे हा रिवाज आहे. पुण्याकडच्या वाचकांनी नाक मुरडू नये. तुमच्याकडे मामाची मुलगी चालते, आमच्याकडे मामाच चालतो.

शांतव्वाचा पहिला मुलगा ईरण्णा जन्मापासून बहिरा निघाला. बहिरा म्हणून मुकाही. तेव्हा आम्ही त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नात्यातले लग्न आहे का एवढे विचारले आणि सांगितले, "अशा जोडप्यात चारात एकाचा वाटा असतो." एवढे बोलून त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावले.

आता आमच्या भागात वाटा म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. जमीन चौथ्या वाट्याने करायला घेतली की खळ्यावर मालकाचा चौथा वाटा आधी मापून द्यायचा. तो एकदा दिला की उरलेली रास आपली. तिच्यावर पुन्हा कोणी हक्क सांगत नाही. आम्ही सगळ्यांनी तेच ऐकले. ईरण्णाने वाटा दिला, आता पुढची तीन मुले आपली. दुसरा मल्लू झाला, तो ऐकत होता, बोलत होता, नको तेवढे बोलत होता. हिशेब बरोबर चालला आहे असे वाटले. मग गंगू झाली. ती रांगायला लागली तेव्हा माझ्या बायकोने तिच्या मागे परात आपटली. पोरीने मान वळवली नाही.

यंदाच्या वैशाखात शांतव्वा माहेरी आली ती चौथ्याची चाहूल घेऊन. खात नव्हती. कोणाशी धड बोलत नव्हती. एक दिवस मी बाजाराला निघालो असताना दारात आडवी आली.

"अप्पा, तुम्ही बाजारात शेवटचा बोल काढून घेताय न्हवं? ह्या पोटातल्याचा बी काढून आणा. ऐकणार का न्हाई, एक बोल."

त्याच बाजारात शाहूवाडीकडच्या एका गिऱ्हाइकाने मला सांगितले की पन्हाळ्यावर पुण्याची एक डॉक्टरबाई उतरली आहे. बहिऱ्या माणसांच्या घरी जाते, औषध काही देत नाही, नुसत्या सोयरिकी विचारते. तो हसत होता. मी हसलो नाही. घरी येऊन दमणी बाहेर काढली. बैलांची ही हलकी, छपराची गाडी. यष्टी त्या रस्त्याला फार आदळते, आणि शांतव्वा मागे राहायला तयार नव्हती. गंगू तिला सोडत नव्हती.

पन्हाळ्यापर्यंत

पंचगंगेचा पूल उजाडताना ओलांडला. उसाची शेते तोडून मोकळी झालेली, गुऱ्हाळे थंड पडलेली, पण हवेत काकवीचा वास अजून होता. माझी जोडी खिलारी, एकाचे नाव हौशा, दुसऱ्याचे पाखऱ्या. गंगू माझ्या पुढ्यात बसली होती. मी तिला हौशाच्या पाठीवर हात ठेवायला शिकवले. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की मी जीभ टाळ्याला लावून बैलांना इशारा केला की ती मागे वळून माझ्याकडे बघून हसते. आवाज तिला येत नव्हता. बैलाची कातडी शहारते, ते तिच्या तळव्याला कळत होते. तिने मग मला नादच लावला. केर्लीपर्यंत मी टकटक करत होतो, बैल गोंधळून जात होते आणि पोरगी खिदळत होती. शांतव्वा आतून बघत होती.

वाघबिळाच्या वळणावर करवंदे विकायला बायका बसल्या होत्या. तिथून चढ सुरू होतो. मी उतरून बैलांबरोबर चाललो. पन्हाळ्यावर पोचलो तेव्हा वारा असा सुटला होता की खाली कोल्हापुरात वैशाख आहे यावर विश्वास बसू नये. डाकबंगल्याच्या पहारेकऱ्याने सांगितले की बाई कालच मलकापूरला गेल्या.

माझे डोके फिरले. बाईंचा मुक्काम इथे म्हणून गावोगाव सांगत सुटता आणि माणूस आला की बाई गायब, असे मी त्याला बरेच काही सुनावले. तो विडी ओढत ऐकत राहिला.

"पावणं," तो म्हणाला, "बाई काय माझ्या खिशात हाय व्हय? मलकापूर काय इलायतेत हाय? बैलं सोडा, पानी प्या."

पाणी प्यालो. ओळखीच्या एका दुकानदाराकडे उतरलो. त्याच्या घरच्या माउलीने झुणका, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि विरजलेले दही वाढले. दही खाली आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारीच आंबून जाते, तिथे ते गोड होते. शांतव्वाने अर्धी भाकरी खाल्ली. माउलीने गंगूला नाव विचारले, पुन्हा विचारले, मग पोर बोलत का नाही म्हणून विचारले.

"लाजतीय," शांतव्वा म्हणाली.

मी मान खाली घालून दही ओरपले.

बांबवडे

दुसऱ्या दिवशी घाट उतरून मलकापूरच्या रस्त्याला लागलो. बांबवड्याच्या अलीकडे डाव्या चाकाची धाव निसटली. धाव म्हणजे लाकडी चाकावर तापवून बसवलेली लोखंडी पट्टी. उन्हाने लाकूड आक्रसले की ती ढिली होते. निघण्याआधी चाक भिजवायला घरी सांगितले होते. कोणी भिजवले नव्हते. लोहार शोधला. तो म्हणाला, लग्नाला निघालोय. मी म्हणालो, तुझंच असेल तर जा, दुसऱ्याचं असेल तर थांब. त्याने बायकोकडे बघितले आणि भट्टी पेटवली.

तोवर आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो. गंगू भात्याच्या फुंकरीकडे तोंड उघडे टाकून बघत होती. तिथे शांतव्वा बोलायला लागली. मी विचारले नव्हते.

गंगू पोटात असताना ग्रहण लागले होते. घरात सगळ्यांनी तिला सांगितले होते, पडून राहा, चिरू नको, कापू नको. ईरण्णा काकडीसाठी हट्ट धरून रडत होता. बहिरे पोर, त्याला ग्रहण कसे समजावणार? तिने त्याला काकडी चिरून दिली. एवढेच. कोणी बघितले नव्हते, म्हणून कोणाला सांगितलेही नव्हते.

मी म्हणालो, असल्याने काही होत नाही. बापाने म्हणायचे म्हणून म्हणालो. आमच्या घरात ग्रहणाला मी स्वतः विळी उचलून माळ्यावर ठेवतो, हे तिला ठाऊक होते.

"अप्पा, डॉक्टर काय म्हणालता? वाटा गेला म्हणालता न्हवं? ईरण्णानं दिलाच की वाटा. मग गंगूचं कान कुणी नेलं? वाट्यानं तर न्हाई नेलं. म्या नेलं."

बाजारात मला कोणी बोलण्यात गप्प केले नाही. तिच्या या हिशेबात मला एक चूक काढता येईना. डॉक्टरांचे वाक्य खरे मानले तर मुलगी म्हणत होती तेच खरे होते. लोहाराने चाकावर पाणी ओतले, वाफ उठली, गंगूने आनंदाने टाळी वाजवली. आणि माझी पोर चार वर्षे काय उराशी घेऊन हिंडत होती हे मला त्या झाडाखाली कळले. तिला बोल हवा होता तो पोटातल्या बाळाचा एकट्याचा नव्हता.

मलकापूर

मलकापूर म्हणजे आपला देश संपत आला आणि कोकण अजून लागले नाही असे गाव. माती तांबडी, घरे जांभ्या दगडाची, ताटात ज्वारी जाऊन भात आणि नाचणीची भाकरी येते. कुळथाचे पिठले मला प्रथम मानवले नाही. दुसऱ्यांदा मागून घेतले.

डॉक्टरबाई धर्मशाळेच्या ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. पस्तिशीच्या, अंगावर साधे पाचवारी पातळ, शेजारी छत्री, आणि दोन्ही टाचांना फोड. कोल्हापुरात नवी पायताणे घेतली आणि तशीच चालत निघाल्या होत्या. मी एक पायताण हातात घेऊन वाकवून बघितले. बाई, तुम्हांला फसवलंय, म्हणालो. कातडे नीट कमावलेले नव्हते. एरंडेल मागवून मी ते चोळून दिले. ओळख अशी झाली.

मी लगेच मुद्द्यावर आलो. मला एक बोल हवा होता. बाई म्हणाल्या, आधी तुमच्या घरची सगळी नाती सांगा. मी म्हणालो, आधी बोल, मग नाती. त्या म्हणाल्या, नात्यांशिवाय बोल देता येत नाही. शेवटी एका प्रश्नाला एक उत्तर असा सौदा ठरला आणि शांतव्वाच्या ओठाच्या कोपऱ्यात मला हसू दिसल्यासारखे वाटले.

बाईंनी विचारले, गावचा वळू तुम्ही कुठून आणता? मी सांगितले, नेहमी बाहेरगावचा. काही वर्षांनी तोही बदलतो. त्याच्याच कालवडी त्याच्याकडे आल्या की वासरे खुरटी निघतात, हे कोणीही सांगेल.

"आणि माणसांत?" बाईंनी विचारले.

मी उठून उभा राहिलो. "बाई, मानसं जनावरं न्हाईत. आमच्यात परक्या घरात लेक टाकत न्हाईत, मामाच्या घरात ती उपाशी मरत न्हाई. तुमच्या पुण्यात सासवा सुनांना काय करत्यात त्ये आम्हांस्नी ठाव हाय."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे. तुमच्या मुलीला तिच्या नवऱ्याने या दोन मुलांवरून कधी टाकून बोललं का?"

"न्हाई," शांतव्वा म्हणाली. ती बाईंशी बोलली तो हा पहिला शब्द. "त्येनी रात रात गंगूला खांद्यावर घेऊन हिंडत्यात."

"म्हणजे रिवाजाने काही दिलंही आहे," बाई म्हणाल्या. "मी ते लिहून घेते." आणि खरेच त्यांनी लिहून घेतले. मी पुन्हा बसलो.

वाडीत

दुसऱ्या दिवशी बाईंना एका वाडीत जायचे होते. त्यांच्या टाचा बघून मी म्हणालो, दमणीत बसा. आंब्याच्या घाटाच्या बाजूला, जंगलाच्या कडेला ती वाडी आहे. मोजकी घरे, सगळे एकमेकांचे सोयरे, आणि पिढ्यानपिढ्या मुली इथल्या इथे आत्याच्या घरी दिलेल्या. जवळजवळ प्रत्येक उंबऱ्याआड एखादे माणूस बहिरे.

मला वाटले होते, तिथे दुःखाची अवकळा असेल. अंगणात शिरलो तर एक म्हातारी आपल्या सुनेला दोन्ही हातांनी शिव्या देत होती. तोंडाने एक अक्षर नाही. सून तशाच हातांनी उलट बोलत होती. बाईंनी सांगितले, त्या दोघींनाही चांगले ऐकू येते. पण म्हातारीचा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा दीर धोंडी, शेजारी बसला होता, आणि भांडण त्याच्यासमोर चालले असताना त्याला कळू नये हे त्या घरात बरे दिसत नाही. वाडीतली सगळीच माणसे अशी हातांनी बोलतात. मिशीवरून बोट फिरवले की पुरुष, नाकात नथ दाखवली की बाई. आमच्या पेठेत बहिऱ्याशी बोलताना माणसे ओरडतात. इथे कोणी ओरडत नव्हते. वाडीत बहिरेपणा होता, पण मुके कोणी नव्हते.

धोंडीकडे एक खोंड होते. पांढरे, शिंगे नुकती वळत आलेली, नजर लागावी असे. मी आलो होतो कशाला आणि बघत काय होतो. पण हाडाची सवय. आमच्या धंद्यात भाव तोंडाने होत नाही. दोघांनी हातात हात घालायचे, वरून उपरणे टाकायचे, आणि आतल्या आत बोटे धरून बोली करायची, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. मी उपरणे पुढे केले. धोंडीने मांडी घातली.

त्याच्यासारखा सौदा करणारा मला क्वचित भेटला असेल. मी बोट दाबावे, त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघावे आणि हात सोडून खोंडाची पाठ थोपटायला जावे. मी दुसऱ्याला भुलवायला तोंडाची टकळी चालू ठेवतो, तिचा इथे काही उपयोग नव्हता. मी जे बोलत नव्हतो ते तो माझ्या तोंडावर वाचत होता. सगळी वाडी भोवती जमली. शेवटी मी माझ्या मर्यादेच्या वर जाऊन हात देऊन सौदा पक्का केला, आणि धोंडीने म्हातारीकडे वळून हातांनी काहीतरी सांगितले. सगळे हसले. मी विचारले, काय म्हणतो? म्हातारी म्हणाली, "पावणं लई वरडत्यात, म्हंतोय."

मी ओरडलो नव्हतो. माझ्या गळ्याच्या शिरा त्याने बघितल्या होत्या.

त्या हसण्यात एक हसू ओळखीचे होते. शांतव्वा तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या शेजारी गंगूला वाडीतल्या मुलींनी घेरले होते. त्यातली एक गंगूच्या गालाकडे बघून आपल्या गालावर बोट रुतवून फिरवत होती. गंगूच्या गालाला खळी पडते. मुली पुन्हा पुन्हा ती खूण करत होत्या आणि गंगूकडे बोट दाखवत होत्या. गंगू एकदम थबकली. मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि गालावर बोट फिरवले. आम्ही तिला गंगू म्हणत आलो होतो ते तिच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. त्या अंगणात तिला तिचे नाव कळले.

दुपारी जेवणे झाल्यावर बाईंनी म्हातारीकडून चिंचोके मागितले. फोडलेले. चल्लस आठ खेळताना फाशांऐवजी वापरतात तसे, एक बाजू तपकिरी, एक पांढरी. सूप पुढे घेतले. एक चिंचोका शांतव्वाच्या हातात दिला.

"हा तुमचा. दोन बाजू आहेत, एक तपकिरी, एक पांढरी. दुसरा तुमच्या नवऱ्याचा, त्यालाही तशाच दोन. मूल दोघांकडून एकेक बाजू घेतं. एक जरी तपकिरी पडली तरी मूल ऐकतं. दोन्ही पांढऱ्या पडल्या, तर नाही. नवऱ्याचा चिंचोका कोण टाकणार?"

गंगूने हात पुढे केला होता.

मायलेकींनी टाकले. दोन्ही पांढरे.

"हा ईरण्णा," मी म्हणालो. "वाटा गेला. आता तीन डाव आपले."

पुन्हा टाकले. एक तपकिरी, एक पांढरा. हा मल्लू. मी मान डोलावली. तिसऱ्यांदा टाकले. दोन्ही पांढरे.

मी दोन्ही चिंचोके उचलून उन्हात धरून बघितले. एकाची कड जाड होती. चिंचोका खोटा आहे म्हणालो. बाईंनी दुसरे दिले. शांतव्वा टाकत राहिली. कधी दोन्ही तपकिरी, पुष्कळदा एकेक, मध्येच दोन्ही पांढरे, एकदा तर लागोपाठ. मी बाईंना म्हणालो, चारात एक म्हणजे रुपयात चार आणे ना? माझ्या मुलीने दोनदा भरलेत. आता दोन आण्यांवर या.

"आले असते," बाई म्हणाल्या. "पण माझ्या हातात नाही. चिंचोक्याला मागचा डाव आठवत नाही. तो दर वेळी नव्यानेच पडतो. बारा आणे ऐकेल, चार आणे नाही. या बाळाचंही तेच. याहून पक्का बोल माझ्याकडे नाही, आणि कोणी देत असेल तर तो तुम्हांला फसवतोय."

शांतव्वा सुपाकडे बघत होती.

"ही पांढरी बाजू आली कुठून?" मी विचारले. बाईंनी त्यांच्या कागदावरच्या रेघा बघून सांगितले, बहुधा माझ्या बायकोच्या माहेरून, कारण बहीण आणि भाऊ, म्हणजे माझी बायको आणि माझा जावई, दोघांकडे ती एकाच घरातून उतरलेली. मला बरे वाटले, हे खोटे कशाला सांगू. बाईंनी ओळखले. त्यांनी मला शपथ घ्यायला लावली की हे घरी जाऊन बायकोला ऐकवायचे नाही, कारण अशी एखादी पांढरी बाजू प्रत्येक घरात असते, माझ्याही, नुसती जोडीला जोडी मिळालेली नसते. मल्लूचे लग्न मात्र नात्याबाहेर करा, म्हणाल्या.

मग त्या शांतव्वाकडे वळल्या. "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?"

ही त्यांची रीत होती. सांगून झाले की ऐकणाऱ्याकडून ते परत वदवून घ्यायचे. शांतव्वाने चिंचोके हातात घेतले. आपला, नवऱ्याचा, तपकिरी, पांढरा, सगळे सांगितले. मग थांबली. तिचा आवाज बदलला.

"बाई, चिंचोका पांढरा पडतो त्यो काकडीनं पडतो व्हय?"

बाईंना काही कळले नाही. मी सांगायला तोंड उघडले तर शांतव्वाने मला हाताने थांबवले आणि स्वतःच सांगितले. ग्रहण, ईरण्णाचे रडणे, विळी. सगळ्या वाडीसमोर. म्हातारीचे हात ते धोंडीला सांगत होते.

बाई तिच्याजवळ सरकल्या. "डाव पडतो तो मूल पोटात राहतं त्याच वेळी. तुम्हांला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. त्यानंतर तुम्ही काकडी चिरा, नाहीतर नऊ महिने पडून राहा. पडलेला चिंचोका उलटत नाही. गंगू आहे तशीच तुमच्या पोटात आली होती. तिचं तुम्ही काही नेलं नाहीत."

"आता तुम्हीच पुन्यांदा सांगा," शांतव्वा म्हणाली.

बाईंनी पुन्हा सांगितले. तिने तिसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदाही सांगितले, पहिल्यासारखेच सावकाश. मग माझी मुलगी रडली. मी तिला चार वर्षांत रडताना पाहिले नव्हते. धोंडी उठला, घरात गेला आणि एक काकडी आणून त्याने तिच्यापुढे ठेवली. म्हातारीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. शांतव्वा डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि तिने ती काकडी चिरून सगळ्यांना वाटली.

परत

मलकापुरात येताच शांतव्वाने सोनाराचे घर विचारले. गंगूचे कान टोचायचे होते. आमच्याकडे मुलीचे कान तान्हेपणीच टोचतात. हिचे का राहिले याचा मी कधी विचार केला नव्हता. आपण नेलेल्या कानांना हात कसा लावायचा, म्हणून तिने ते टाळले होते. सोनाराने तार आत घातली तेव्हा गंगूने भोकाड पसरले आणि रस्त्यावरची माणसे वळून बघायला लागली. तिथल्या एका बाईने पोरीचे नाव विचारले. शांतव्वाने गालावर बोट फिरवून दाखवले आणि म्हणाली, "तिला ऐकू येत न्हाई. तिला असं हाक मारा."

निघताना मी बाईंना विचारले, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते का? बाई म्हणाल्या, त्यांनी सांगितले ते चूक नव्हते. पण तुम्ही काय ऐकलेत, हे त्यांनी विचारले नाही. मी म्हणालो, का विचारले नाही? बाईंनी सांगितले की त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात या विषयावर शेवटच्या वर्षी एकच तास झाला होता. वाटाण्याच्या वेलीवर. कोणत्या वाटाण्याला कसला वाटाणा येतो एवढे झाले आणि माणसांपर्यंत यायच्या आत घंटा वाजली. बाकीचे त्या मागाहून स्वतः शिकल्या.

कोल्हापुरात आल्यावर मी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. आवाज चढवणार नाही असे शांतव्वाला वचन देऊन गेलो होतो. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, मी सांगितलं ते शास्त्राला धरूनच होतं. मी वचन पाळले नाही.

हे लिहीपर्यंत शांतव्वाला सातवा लागला आहे. जेवते. ईरण्णाला वाडीतल्या खुणा शिकवते, मल्लूलाही. बाळ ऐकेल की नाही ते मला माहीत नाही, तिलाही नाही, आणि ती आता विचारत नाही.

पण मी विचारतो. डॉक्टर, तुम्ही चारात एक म्हणालात ते खरे होते, मान्य. त्या खऱ्या शब्दाने एका आईला चार वर्षे स्वतःच्या मुलीची गुन्हेगार करून ठेवले, हेही खरे आहे. तुम्हांला कोणी शिकवले नाही असे बाई म्हणतात. तेही मान्य. मग ज्यांनी डॉक्टरांना वाटाणे शिकवले आणि माणसे शिकवायची ठेवली, त्या कॉलेजवाल्यांनी सांगावे, तो तास पुरा का केला नाही? कोणाच्या हातात होते ते? पत्र मला नको, शास्त्रही नको. शिवाजी पेठेत कोणालाही विचारा, घर दाखवतील. शांतव्वा दिवेलागणीपर्यंत ओसरीवर असते. तिच्यासमोर बसा आणि तिला उत्तर द्या. आणि दिल्यावर तिला विचारा, तिने काय ऐकले.